पन्नाशीनंतरचा घाट

बाईनं पन्नाशी गाठली, त्यातून ती बेवा असली, की घरचे मायेनंच म्हणतात, 'आता नवीन काय करायचंय? तसबीह घ्या, नातवंडं खेळवा.' तसबीहही प्यारी आणि नातवंडंही. पण बाईचा हिशेब तिथंच मिटतो का? जोहरा सहगल यांचं आयुष्य पाहिलं की आम्हाला तसं वाटत नाही.

सहारनपूरला २७ एप्रिल १९१२ रोजी एका रोहिला पठाण घराण्यात जोहरा बेगम जन्मल्या. आई लवकर गेली. पण मुलींनी लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात तालीम घ्यावी, ही तिची इच्छा घरच्यांनी पाळली. कॉलेजात पडदा कडक होता. पुढे मामांच्या मदतीनं जोहरा युरोपात पोहोचल्या आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेरी विगमन यांच्या शाळेत तीन वर्षं नृत्य शिकल्या. १९३५ मध्ये त्या उदय शंकर यांच्या संचात दाखल झाल्या आणि देशोदेशी फिरल्या. तिथंच भेटलेल्या कामेश्वर सहगल यांच्याशी १९४२ मध्ये त्यांचा विवाह झाला.

मग मुंबई. १९४५ मध्ये त्या पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरमध्ये आल्या. धाकटी बहीण उजराही तिथलीच नटी. महिना चारशे रुपये पगार आणि वर्षानुवर्षं गावोगावचे दौरे. याच काळात 'नीचा नगर' चित्रपटात त्यांनी काम केलं आणि 'बाजी'सारख्या चित्रपटांची नृत्यं बसवली.

१९५९ मध्ये पती गेले. पदरी दोन मुलं. १९६२ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि जोहरा लंडनला गेल्या. वय पन्नास! परका मुलुख, परकी रंगभूमी. मिळेल ती लहान भूमिका त्यांनी केली. इंग्लंडात घरोघरी ओळख झाली ती १९८४ च्या 'द ज्वेल इन द क्राउन' या दूरदर्शन मालिकेतल्या लेडी चॅटर्जीमुळे. तेव्हा सत्तरी उलटली होती. पुढे भारतात परतून 'चीनी कम'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, पंचाण्णवाव्या वर्षी. २०१० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १० जुलै २०१४ रोजी, १०२ वर्षांच्या होऊन, त्यांनी दिल्लीत डोळे मिटले.

नाटक-सिनेमा आपल्या घरात चालावा की नाही, यावर आपल्यात मतं वेगवेगळी आहेत, आणि तो वाद आम्ही इथं मिटवायला बसलेलो नाही. आमचं बोलणं कष्टाविषयी आहे. शिवणकाम असो, शिकवणी असो की अर्धवट राहिलेली दहावी, पन्नाशीतही बाई नव्यानं सुरुवात करू शकते.

आम्ही दहिवलीची माणसं. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठी आपल्या कर्जत स्टेशनात मागून जादा इंजिनं जोडतात, हे इथलं पोरही जाणतं. गाडी कमजोर असते म्हणून नव्हे, चढण मोठी असते म्हणून. जोहरांच्या मागेही आईची इच्छा होती, मामांची मदत होती. आपल्या घरातली कुणी अम्मी, खाला किंवा भाभी उद्या म्हणाली, 'मला काहीतरी करायचंय,' तर तिला वय विचारू नका. मागून जोर लावा.