फक्त उजेड मोजणारा कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्यातल्या सेन्सरला रंग कळत नाही. सिलिकॉनच्या त्या चिपवरच्या प्रत्येक पिक्सेलला एवढेच समजते, की आपल्यावर प्रकाश किती पडला. रंग येतो तो चिपवर बसवलेल्या फिल्टरच्या सूक्ष्म जाळीमुळे. कोडॅक कंपनीतले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांना या मांडणीचे पेटंट १९७६ साली मिळाले: दर चार पिक्सेलांपैकी दोनांवर हिरवा फिल्टर, एकावर लाल, एकावर निळा. म्हणजे कोणताही पिक्सेल एकच रंग खरोखर मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने भरून काढले जातात. आज आपल्या हातातल्या फोनपासून लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी हीच जाळी आहे, आणि रंगीत फोटोसाठी ती उत्तम काम करते. पण कृष्णधवल फोटो हवा असेल तर हा प्रवास विचित्र होतो. आधी रंगासाठी प्रकाश अडवायचा, मग रंगाचा अंदाज बांधायचा आणि शेवटी तो रंगच टाकून द्यायचा. केवळ कृष्णधवल टिपणारा कॅमेरा ही जाळीच काढून टाकतो. अशा कॅमेऱ्याकडे श्रीमंतांची हौस किंवा फिल्मच्या जमान्याचे स्मरणरंजन म्हणून पाहिले जाते. मला हे मत पटत नाही. हे प्रकाश मोजण्याचे अतिशय प्रामाणिक यंत्र आहे, आणि जाहिरातीत मिरवला जाणारा सुस्पष्टपणा हा त्याचा सगळ्यात मोठा गुणही नाही.

जाळी प्रकाश किती खाते, याचा पुरावा कंपन्यांच्याच आकड्यांत आहे. जर्मनीतल्या वेट्झलार इथली लायका कंपनी. तिने मे २०१२ मध्ये ‘एम मोनोक्रोम’ जाहीर केला. त्यात आधीच्या रंगीत ‘एम ९’चाच १८ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, फक्त रंगांची जाळी नव्हती. ‘एम ९’चा मूळ आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) १६०, तर ‘मोनोक्रोम’चा ३२०. पुढच्या पिढ्यांतही हेच दिसते: रंगीत ‘एम ११’चा किमान आयएसओ ६४ आणि २०२३ साली आलेल्या ‘एम ११ मोनोक्रोम’चा १२५, पेंटॅक्सच्या ‘के-३ मार्क ३’चा १००, तर त्याच्या मोनोक्रोम आवृत्तीचा २००. दर वेळी जवळपास दुप्पट. म्हणजे रंगीत कॅमेऱ्यात निम्मा उजेड जाळीतच अडकतो. कल्पनाही नवी नाही. कोडॅकने २००१ मध्येच सहा मेगापिक्सेलचा ‘डीसीएस ७६० एम’ काढला होता, आणि खगोलशास्त्रात तर हीच रीत रुळलेली आहे. हबल दुर्बिणीची जी रंगीत चित्रे आपण भिंतीवर लावतो, ती वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपलेल्या कृष्णधवल प्रतिमा एकत्र करून तयार होतात. जिथे प्रकाशाचा कणन् कण मोलाचा असतो तिथे शास्त्रज्ञ अशीच चिप निवडतात. हौसेचा आरोप इथेच सैल पडतो.

या दुप्पट उजेडाचे व्यावहारिक फायदे उघड आहेत. रात्रीच्या फलाटावर, देवळाच्या गाभाऱ्यात, दिव्याच्या उजेडातल्या स्वयंपाकघरात एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेडाची सोय, हाताशी जास्त असतो. जास्त आयएसओवर जो नॉइज येतो त्यात लाल-हिरवे डाग नसतात. तो फिल्मच्या दाण्यासारखा एकसारखा दिसतो आणि डोळ्याला खुपत नाही. कापडाची वीण, म्हाताऱ्या हाताच्या सुरकुत्या, दगडावरची छिन्नीची खूण या गोष्टी शेजाऱ्याच्या अंदाजावर न विसंबता थेट नोंदल्या जातात. पण रंगीत सेन्सर आता ६० मेगापिक्सेलच्याही पुढे गेले आहेत, नॉइज काढणारी सॉफ्टवेअरही फार सुधारली आहेत. दर पिढीगणिक हा फरक कमी होत जाणार. केवळ सुस्पष्टतेसाठी कोणी हा कॅमेरा घेत असेल, तर मी त्याला थांबायला सांगेन.

खरा फरक जास्वंदीच्या झाडापुढे उभे राहिल्यावर कळतो. लाल फूल आणि हिरवी पाने डोळ्याला कितीही वेगळी दिसली, तरी दोहोंचा उजेड जवळपास सारखाच असू शकतो; मग फोटोत दोन्ही एकाच करड्या छटेत बुडतात आणि फूल दिसेनासे होते. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याने उजेड बरोबरच मोजलेला असतो. आता लेन्सवर लाल काचेचा फिल्टर चढवा: फूल उजळून निघते, पाने जवळजवळ काळी पडतात. हिरवा फिल्टर लावला की उलटे होते. पिवळा फिल्टर निळे आकाश किंचित गडद करून ढग वर काढतो, नारिंगी त्याहून अधिक. लाल फिल्टर दुपारच्या आकाशाला वादळी करतो, दूरच्या डोंगरावरचे धुरकटपण कापतो, पण माणसाच्या ओठांचा रंगही पुसून टाकतो. त्यातून लाल फिल्टर साधारण तीन स्टॉप उजेड खातो. चारशे आयएसओच्या फिल्मवर ही किंमत जड जायची. आजच्या मोनोक्रोम सेन्सरला ती सहज परवडते. मात्र कोणता रंग उजळायचा आणि कोणता बुडवायचा, हे शटर दाबण्याआधी ठरवावे लागते.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा: रंगीत रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, लाल, हिरवे, निळे हे तिन्ही चॅनेल हाताशी असतात, मग घरी बसून हवा तो फिल्टर लावता येत असताना आधीच हात का बांधून घ्यायचे? आक्षेप खरा आहे. छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांनी ‘जेनेसिस’ प्रकल्पाच्या मध्यावर, २००८च्या सुमारास, डिजिटल कॅमेरा हाती घेतला तो रंगीतच, आणि त्यातून निघालेल्या कृष्णधवल चित्रांकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. एकाच चौकटीत तीन रंगांना तीन वेगळे न्याय द्यायचे असतील तर रंगीत कॅमेराच बरा. तरी दोन गोष्टी उरतात. संगणकावर निळा चॅनेल फार खाली ओढला की आकाशात नॉइज उसळतो आणि झाडांच्या कडांना फिकट रेघा येतात. काचेच्या फिल्टरने हेच काम प्रकाश सेन्सरवर पडण्याआधी होते आणि प्रत्येक पिक्सेल त्यात सामील असतो. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. निर्णय पुढे ढकलता येतो म्हटल्यावर समोरचे दृश्य करड्या छटांत वाचण्याची सवय मोडते. सालगादोंनी ती सवय फिल्मवरच्या अनेक वर्षांत कमावली होती. ज्याने फिल्म कधी हाताळलीच नाही, त्याला ती कुठून मिळणार?

या कॅमेऱ्यात एक खरी उणीव आहे आणि ती विकणाऱ्यांनी आधीच सांगायला हवी. रंगीत सेन्सरवर उन्हातला पांढरा सदरा जास्त उजळ झाला तर सहसा हिरवा चॅनेल आधी भरतो; लाल आणि निळ्यात थोडी माहिती शिल्लक असते आणि सॉफ्टवेअर तिच्यावरून कापडाच्या चुण्या परत आणते. मोनोक्रोममध्ये एकच चॅनेल. तो भरला की सदरा कोरा कागद झाला, तिथून काहीही परत येत नाही. म्हणून हे कॅमेरे वापरणारे एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवतात, हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजळपणाच्या आलेखाच्या, उजव्या कडेवर नजर ठेवतात आणि सावल्या मागाहून उचलतात. सावल्यांत मात्र आश्चर्य वाटावे इतका तपशील दडलेला असतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, चुन्याच्या भिंती आणि खोल ओसऱ्यांच्या गावात, ही शिस्त पाळली नाही तर दिवसभराचे काम वाया जाते.

भारतापुरता एक आक्षेप आणखी खोल आहे. ‘बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया’ हे पुस्तक करणारे छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’ या १९९८च्या संग्रहात अशी मांडणी केली, की भारताची दृष्टीच रंगातून घडली आहे आणि कृष्णधवल ही पाश्चात्त्य संवेदना आहे. त्यांचे रंगीत काम पाहिले की हा युक्तिवाद सहज झटकता येत नाही. दिंडीतल्या पताका, हळदीने माखलेली जेजुरी करड्या छटेत टिपली तर विषयाचा गाभाच हरवेल, हे मी मान्य करतो. पण उजेडही इथलाच आहे. खिडकीच्या गजांतून भिंतीवर पडणारे पट्टे, मृगाच्या ढगांखाली काळवंडलेला सह्याद्री, गिरणीच्या रिकाम्या शेडमधली धूळ या विषयांत रंग जवळजवळ नसतोच. तिथे रंग टिपणारे यंत्र अधिक भारतीय कसे ठरते? रंगच विषय असेल तिथे हा कॅमेरा घरी ठेवावा, एवढाच त्या मांडणीचा अर्थ मी घेतो.

उरला पैसा. लायकाचा पहिला मोनोक्रोम ७,९५० डॉलरना आला होता. पेंटॅक्सचा २०२३ साली सुमारे २,२०० डॉलरना. दुसरा आकडाही मराठी मध्यमवर्गीय घराला लहान नाही, आणि त्यात तो एकच काम करणारा कॅमेरा. लग्नाची, बातमीची, मुलाबाळांच्या वाढदिवसाची छायाचित्रे काढणाऱ्याने तो घेऊ नये. ज्याचे बहुतेक काम कृष्णधवल आहे आणि ते कागदावर उतरते, त्याच्यासाठी मात्र याहून योग्य अवजार आज नाही. आणि घ्यायचा असेल तर फोनच्या पडद्यावर दोन फोटो शेजारी ठेवून निर्णय करू नका, तिथे फरक दिसतच नाही. एक दिवस कॅमेरा भाड्याने मिळाला तर घ्या, नारिंगी फिल्टर लावून भर उन्हात काम करा, चांगल्या मॅट कागदावर दोन फुटी प्रिंट काढा आणि मग ठरवा.