जागा न सोडणारा ओक

मे-जूनचा उन्हाळा असह्य झाला की ॲरिझोनातल्या फिनिक्सकडची आपली मराठी मंडळी थंडाव्यासाठी डोंगराकडे गाड्या काढतात. ८७ क्रमांकाच्या महामार्गाने पेसनला जाणं हा त्यातला एक सोपा बेत. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर, पेसन दीड हजारावर. निघताना दोन्ही बाजूंना सग्वारोचे खांबासारखे निवडुंग, पोचल्यावर पॉन्डेरोसा पाइनची सावली. फोटो या दोन टोकांचेच निघतात. मधल्या डोंगरांवर नुसती राखाडी-हिरवी, पुरुषभर उंचीची झुडपं माजलेली असतात आणि गाडीतले निम्मे लोक तिथे डुलक्या काढत असतात. या झुडपांमध्ये बहुतेक ठिकाणी वरचष्मा असतो तो एका ओकचा.

सह्याद्रीत ओक नाही. उत्तराखंडात ट्रेकला गेलेल्यांनी बांज पाहिलेला असतो. उंच आणि शेवाळलेला. हा त्याचाच नातलग, पण ओळख पटणार नाही. वनस्पतिशास्त्रात तो क्वेर्कस टर्बिनेला. एडवर्ड ली ग्रीन यांनी १८८९ मध्ये त्याचं वर्णन केलं. तिथले लोक श्रब लाइव्ह ओक म्हणतात. पान साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढं, जाड, कडक, कडेला बोचरे दात. वरून मेणचट राखाडी, आणि उलटं करून भिंगाखाली धरलं तर बारीक चांदणीच्या आकाराची लव. वाऱ्यात नि उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून ही सगळी तजवीज. झाड सदाहरित खरं, पण थंडी किंवा दुष्काळ फारच कडक पडला तर तेही पानं टाकतं.

नैर्ऋत्य अमेरिकेत नेवाडा आणि दक्षिण युटापासून न्यू मेक्सिकोपर्यंत आणि खाली मेक्सिकोतही तो आहे. पण त्याचं खरं राज्य मध्य ॲरिझोनात, मोगोयोन कड्याच्या दक्षिणेला ब्रॅडशॉ, माझात्झाल, सिएरा अँचा, पिनाल या डोंगररांगांवर. साधारण हजार ते अठराशे मीटर उंची, वर्षाला चारशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही दोन हप्त्यांत: एक हिवाळ्यात, दुसरा जुलै ते सप्टेंबर. मधला मे-जून ठणठणीत कोरडा. खाली वाळवंटाच्या कडेला तो उत्तरेकडचे, कमी तापणारे उतार धरून राहतो. वर पिन्यॉन पाइन आणि जुनिपरमध्ये मिसळून जातो.

ग्रॅनाइटच्या भुसभुशीत, मुरमाड जमिनीत या ओकची मुळं खणून पाहिली, तेव्हा सोटमूळ खडकाच्या फटींतून सहा मीटरहून खोल गेलेलं आढळलं. वरच्या थरातही आडवी मुळं पसरलेली असतात, म्हणजे पावसाची सर आली की वरचं पाणी आणि कोरड्यात खालचं. शेजारीही तितकेच चिवट. लाल, गुळगुळीत सालीचा मॅन्झानिटा, शुगर सुमॅक, माउंटन महॉगनी, सिअनोथस. यांतले शेवटचे दोघे मुळांवरच्या जीवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. असल्या भुकेल्या मुरमात त्याचं मोल मोठं.

हे रान जळतंच. जून २०१३ मध्ये यार्नेल गावाजवळ विजेने वणवा पेटला आणि ३० जूनला वादळी वाऱ्याने दिशा फिरवल्यावर अग्निशमन पथकातले १९ जवान त्यात गेले. तिथला झाडोरा पंचेचाळीसहून अधिक वर्षं जळलेला नव्हता, म्हणजे इंधन साचलेलंच होतं. वणव्यानंतर ओक बुडख्यातून आणि जमिनीखालच्या फांद्यांतून पुन्हा फुटतो. सिअनोथसचं नेमकं उलट: झुडूप मरतं, पण मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी आगीच्या धगीने रुजतं.

१९६० च्या दशकात तर माणसांनीच हे रान हटवायला घेतलं. झुडपं काढून गवत लावलं तर ओढ्यांना पाणी वाढेल, असा हिशेब होता. तण मारणारी औषधं फवारली, जाळपोळ केली. पाणी वाढलंही, पण त्यात नायट्रेट उतरलं. ग्लोब गावाजवळच्या फवारणीवरून १९६९ मध्ये मोठा गदारोळ झाला. मुळातून फुटणाऱ्या झाडाशी असलं वैर धरणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

बियांच्या बाबतीत मात्र हा ओक कमनशिबी. फळं एकाच हंगामात पिकतात. ‘स्क्रब जे’ नावाचे पक्षी, खारी, हरणं, अस्वलं ती खातात. पक्ष्यांनी पुरून ठेवलेली काही रुजतात, पण कोरड्या उन्हाळ्यात रोपं टिकणं दुर्मीळ. उत्तरेकडे तर वसंतातलं हिव आणि उन्हाळ्यात न पोचणारा पाऊस, दोन्ही रोपांच्या मुळावर येतात. म्हणून आज दिसणाऱ्या जाळ्यांपैकी बऱ्याच जुन्याच बुडख्यांच्या असतात आणि आजच्या हवामानावरून त्यांचा नकाशा पुरता उलगडत नाही.

याचा पुरावा वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर कॉटम आणि सहकाऱ्यांना १९५० च्या दशकात सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात सापडला. तिथे पानगळीचा गॅम्बेल ओक आहे. टर्बिनेला शेकडो किलोमीटर दक्षिणेला. तरीही मधूनमधून दोघांच्या संकराची झुडपं उभी! परागकण इतक्या लांब जाणं अशक्यप्राय. काही हजार वर्षांपूर्वी हवा उबदार असताना टर्बिनेला तिथवर पोचला असावा, पुढे थंडीत संपला, आणि संकर मुळातून फुटत राहून टिकले, असा कॉटम यांचा निष्कर्ष.

दक्षिणेची गोष्ट पॅकरॅट नावाच्या उंदरांनी जपून ठेवली. हे उंदीर आसपासच्या काटक्या-पानं गुहेत साठवतात. त्यांच्या लघवीचे स्फटिक होऊन ढीग घट्ट बांधला जातो आणि हजारो वर्षं टिकतो. अशा ढिगांच्या कार्बन डेटिंगवरून कळतं, की हिमयुगाच्या अखेरीपर्यंत, सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी, हा ओक आजच्या सग्वारोच्या प्रदेशात जुनिपर-पिन्यॉनच्या संगतीने वाढत होता. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या आहो पर्वतात अजून त्याचा अगदी जवळचा भाऊबंद, आहो ओक, घळींमध्ये तग धरून आहे. काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला वेगळी जात मानतात, काही टर्बिनेलाचीच उपजात.