वाळवी ओळखताना माझ्याकडून झालेली चूक

पहिल्या फील्डवर्कला वांगणीच्या माळावरच्या वारुळांतून मी चाळीस कुप्या भरून आणल्या. गाइडने एक उचलली आणि विचारलं, "यात सैनिक कुठे आहेत?" एकाही कुपीत नव्हते. जे भराभर हाती लागले ते कामकरी मी गोळा केले होते. महिन्याची मेहनत जवळपास वाया!

का, ते सांगते. वेगवेगळ्या जातींचे कामकरी जवळजवळ सारखेच दिसतात. जात ठरते ती सैनिकाच्या डोक्यावरून आणि जबड्यावरून. आपल्याकडची वारुळं बांधणाऱ्या ओडोंटोटर्मिसच्या सैनिकाला डाव्या जबड्यावर दात असतो. तो टोकापासून किती अंतरावर आहे, हे मोजावं लागतं.

दिसण्यावरून फसायला होतं ते असं. वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणतात, पण मुंगी ही गांधीलमाशीची नातलग. वाळवीसाठी आयसॉप्टेरा हा वेगळा गण मानत. २००७ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून पक्कं झालं की वाळवी झुरळांच्याच वंशवृक्षात बसते. लाकूड खाणारं क्रिप्टोसर्कस झुरळ तिचं सर्वांत जवळचं.

आता वारुळातले पाहुणे बघा. रोव्ह बीटल कुलातले काही भुंगेरे वाळवीचं सोंग घेतात. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून नोंदवलेल्या ऑस्ट्रोस्पिरॅक्था कॅरिजोईचं फुगलेलं पोट पाठीवर उलटलेलं असतं आणि ते चक्क वाळवीसारखं दिसतं. पण वारुळात अंधार, आणि कामकरी बहुधा आंधळे. मग हे सोंग कोणासाठी? वाळवी स्पर्शिकांनी चाचपते आणि हुंगते. म्हणजे सोंग डोळ्यांसाठी नसून स्पर्शासाठी असावं. 'नक्कल' हा शब्द वापरण्याआधी 'फसतंय कोण?' हे विचारायचं.

सगळेच पाहुणे सोंग घेत नाहीत. फादर हाइम यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून पाठवलेल्या नमुन्यांवरून वास्मान यांनी १८९९ मध्ये टर्मिटोडिस्कस हाइमी या भुंगेऱ्याचं वर्णन केलं. तो इवलासा, थाळीसारखा गोल. डोकं पाठीच्या ढालीखाली. वाळवीने पकडावा असा कोपराच नाही. एकाने सारखं दिसून निभावलं, दुसऱ्याने निसटून.

असले भुंगेरे माझ्या कुप्यांत होते का? सांगता येत नाही, कारण वाळवी वेचून उरलेला 'कचरा' मी तिथेच झटकून टाकला होता. तुम्ही तसं करू नका. प्रत्येक वारुळातले सैनिक घ्या, कचराही घ्या, आणि दोन्हींवर एकच नंबर टाका. यजमान कोण हे माहीत नसेल, तर पाहुण्याची गोष्ट अर्धीच राहते.