वैशाखातील परसबाग

वैशाखाच्या भर दुपारी परसातील दोडक्या-भोपळ्याची पाने माना टाकतात, तेव्हा गृहस्थ घाबरून घागर उचलतो. वस्तुतः मुळे जेवढे जल शोषतात त्याहून अधिक पर्णरंध्रांवाटे बाष्परूपाने निघून गेल्याने पेशींतील दाब तात्पुरता उतरलेला असतो, आणि दिवेलागणीस जमाखर्चाचा मेळ बसला की तीच पाने पूर्ववत ताठ होतात. प्रातःकाळीही जी मलूल दिसतील, त्यांचीच तक्रार खरी मानून तत्काळ दखल घ्यावी. पाणी पहाटे, बुंध्याशी, खोलवर मुरेल असे द्यावे. वाफ्यावर दोन-तीन इंच पाचोळा पसरावा, म्हणजे बाष्पीभवनाचा नाहक खर्च वाचतो. टोमॅटोची फुले मात्र पारा ३५ अंशांपलीकडे गेला की पराग निकामी होऊन गळू लागतात. तेथे पाण्याची मात्रा चालत नाही, सावलीच काय ती थोडीफार उपयोगी पडते.