पोहरा काढायचा गळ

सकाळी ७:१५

कराडच्या एसटी स्टँडजवळचं माझं दुकान साडेनऊला उघडतं, पण दिवस सुरू होतो तो घरच्या टेबलावर. चहा उकळेपर्यंत वाय-फायच्या ड्रायव्हरांचा पेनड्राइव्ह भरून घ्यायचा. ६४ जीबीचा, लाल टोपणाचा. दुकानात त्याला आम्ही ‘शिदोरी’ म्हणतो. त्यातले फोल्डर लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्यांच्या नावाचे नाहीत, चिप बनवणाऱ्यांच्या नावाचे आहेत: इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम, ब्रॉडकॉम. झाकणावर नाव कुणाचंही असो, आतलं वाय-फाय कार्ड बहुतेक वेळा या पाचांपैकी एकाचं निघतं. रॅलिंकचा जुना फोल्डर मीडियाटेकच्या पोटात ठेवलाय, कारण ती कंपनी २०११ साली मीडियाटेकने घेतली. त्याच वर्षी अथेरॉस क्वालकॉमकडे गेली, म्हणून तिचा फोल्डर क्वालकॉमच्या पोटात.

आजोळी दोर तुटून पोहरा विहिरीत पडायचा. पाणी समोर दिसतंय, पण काढायचं कशाने? मग ज्यांच्या घरी लोखंडी गळ असेल त्यांच्याकडे पोरं पळायची. वाय-फायचा ड्रायव्हर नसला की माणूस तसाच विहिरीच्या काठावर उभा राहतो. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेटवर जायला ड्रायव्हर हवा. शिदोरी हा माझा गळ. तो रोज सकाळी घासूनपुसून ठेवायचा, एवढं मी पंधरा वर्षांत चुकवलेलं नाही.

सकाळी ९:४०

पाऊस. शटर वर केलं तेव्हा शिकायला येणारा पोरगा आधीच पायरीवर उभा होता. आयटीआयला कोपाचा, म्हणजे कॉम्प्युटरचा, कोर्स करतो आणि सुट्टी असली की माझ्याकडे बसतो. जून म्हणजे प्रवेशांचे दिवस, सगळे अर्ज ऑनलाइन. ज्याच्या घरी नेट बंद, त्याचा जीव टांगणीला.

सकाळी १०:०५

पहिले आले ते एक काका. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. नातीला अकरावीसाठी नवा डेस्कटॉप घेतलाय, सोबत वाय-फायचा छोटा डोंगल. खोक्यातून त्यांनी तळहाताएवढी, ८ सेंटिमीटरची सीडी काढून टेबलावर ठेवली.

“ताई, ही कुठं घालायची? मशिनीला खाचच न्हाई.”

खाच नाहीच. नव्या कॅबिनेटला आणि लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह क्वचितच येतो, सीडी मात्र अजून खोक्यात येते. काकांना कुणीतरी बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह विकत घ्यायला सांगितलं होतं. पैसे मोजून तो घेण्याआधी ते इथे आले याचं मला फार बरं वाटलं.

ते कॅबिनेट रिक्षात घालून घेऊन आले होते. पोराने जोडणी केली, डोंगल लावला आणि म्हणाला, “मॅडम, वाय-फाय दिसत नाही. पण सीडी ड्राइव्ह दिसतोय.”

हीच यातली गोम. रिअलटेकच्या चिपचे कित्येक डोंगल पहिल्यांदा जोडल्यावर वाय-फाय म्हणून ओळख देतच नाहीत. ते सीडीचं रूप घेतात, आणि त्या खोट्या सीडीच्या आत खरा ड्रायव्हर ठेवलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यांची ओळख बघितली तर ०बीडीए आणि १ए२बी असे आकडे दिसतात. पहिला रिअलटेकचा. दुसरा सांगतो की डोंगल सध्या सीडीच्या वेशात आहे. ‘धिस पीसी’ उघडायचं, त्या ड्राइव्हवर दोनदा क्लिक करायचं, आतला सेटअप चालवायचा. ड्रायव्हर बसला की डोंगल स्वतःच वेश टाकतो. ड्रायव्हर बसूनही तो सीडीच राहिला, तर त्या ड्राइव्हवर उजवं क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हणायचं. सीडी बाहेर काढल्याचा निरोप मिळाला की आतली चिप वाय-फाय होऊन पुन्हा हजर होते.

काका खुर्ची पुढे ओढून बघत होते. खालच्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह उमटलं तसं म्हणाले, “म्हंजी सीडी त्याच्या पोटातच हुती.” मी आठ वाक्यांत सांगितलं असतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. खोक्यातली सीडी त्यांना परत दिली, आणि कोऱ्या कागदावर चिपचा नंबर लिहून तो कॅबिनेटच्या बाजूला चिकटवला.

सकाळी ११:२०

ज्या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं, ते आता आलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी धडपडणारी एक मुलगी. भावाने रात्री लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज ११ टाकायला घेतलं होतं. ते एका पानावर अडकलं, ‘नेटवर्कला जोडा’ म्हणणाऱ्या. खाली वाय-फायची यादी रिकामी, पुढे जायचं बटण फिकट. लॅपटॉप पातळ, केबल लावायची खाच त्याला नाही. मुलीचे डोळे सुजलेले होते. “मॅडम, मदरबोर्ड गेला का?”

काहीच गेलेलं नव्हतं. विंडोजसोबत बरेच ड्रायव्हर येतात, पण नव्या कार्डाचा त्यात असेलच असं नाही. इथे शिदोरीआधी मला तिचा फोन हवा होता. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. फोन मग लॅपटॉपला एक नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. फोन दुकानाच्या वाय-फायवर असेल तर तेच नेट केबलमधून पुढे जातं, तिचा मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात, आणि टेदरिंगचं बटण फिकट राहण्यामागे बरेचदा तेवढंच कारण असतं.

मी हात मागे बांधून बसले. सगळं तिनेच केलं. बटण निळं झालं, ‘नेक्स्ट’ दाबताना तिचं बोट थरथरत होतं.

डेस्कटॉप दिसल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावला. ‘नेटवर्क कंट्रोलर’ नावाची एक ओळ, तिच्यावर पिवळा त्रिकोण. आत कोड २८, म्हणजे या वस्तूचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. आता मुद्द्याचं. त्या ओळीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. तिथे लांबलचक अक्षरं येतात. त्यातले दोन तुकडे वाचायचे, बाकीचे सोडून द्यायचे. ‘व्हेन’नंतरचे चार आकडे-अक्षरं म्हणजे घराणं आणि ‘डेव्ह’नंतरचे चार म्हणजे नाव. तिच्याकडे निघालं १४सी३ आणि ७९६१. १४सी३ मीडियाटेक, ७९६१ म्हणजे एमटी ७९२१ हे कार्ड. ८०८६ आलं असतं तर इंटेल, १०ईसी रिअलटेक, १६८सी अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम. पोरगा हे आकडे पाढ्यांसारखे पाठ करतोय.

मला लोकांना हेच कळवळून सांगायचं असतं. खोकं हरवतं, सीडी तुटते, लॅपटॉपच्या बुडाखालचा स्टिकर घासून जातो. पण कार्डाच्या आत त्याचं नाव कोरलेलं आहे आणि विचारलं की ते खरं नाव सांगतं, पिवळा त्रिकोण असतानाही.

ड्रायव्हर आणला लॅपटॉपच्या कंपनीच्याच साइटवरून, सिरियल नंबर टाकून. तो मिळाला नसता तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये हाच आयडी टाकून शोधता येतं. तिथून कॅब नावाची बांधलेली फाइल उतरते, ती आधी सोडवावी लागते. सेटअप नसलेली झिप मिळाली तरी बिचकायचं कारण नाही. ती उघडायची, आत आयएनएफ फाइल आहे का बघायचं, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ आणि तो फोल्डर दाखवायचा. कुठली फाइल कुठे ठेवायची याची सगळी यादी त्या आयएनएफमध्येच लिहिलेली असते.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. ‘वाय-फाय ड्रायव्हर’ एवढंच शोधलं की वर येतात त्या ‘तुमचे ४७ ड्रायव्हर जुने झालेत’ म्हणणाऱ्या साइट. त्या घाबरवतात, एक प्रोग्रॅम उतरवायला लावतात आणि शेवटी पैसे मागतात. मुलीच्या भावाने रात्री मित्राच्या लॅपटॉपवरून असाच एक उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवला होता. तो तिच्यासमोर पुसला.

१२:५० वाजता तिने फोनची केबल काढली. नेट चालूच राहिलं. तिने तिथेच बसून अर्ज भरला, मी तिला चहा सांगितला.

दुपारी १:३०

डबा. भाकरी आणि मेथी. जेवताना ओगलेवाडीहून फोन: लॅपटॉपचं वाय-फाय गेलं, ड्रायव्हर टाकायला घेऊन येऊ का? मी विचारलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं पूर्ण नाव दिसतंय का, त्रिकोण आहे का? नाव होतं, त्रिकोण नव्हता. म्हणजे ड्रायव्हर जागेवर आहे. एअरप्लेन मोड चालू झाला होता, फंक्शनच्या एका बटणाने बंद झाला. पावसात येणं वाचलं.

दुपारी ३:४५

पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यात एक जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजींनी आठवड्यापूर्वीच बोलावलं होतं. गावातल्या मुंबईकरांनी पाच जुने डेस्कटॉप शाळेला दिलेत. विंडोज ११ त्यांवर बसत नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून गुरुजींनी उबुंटू हे लिनक्स टाकलंय. पाच सारखे दिसणारे काळे डोंगल. दोन चालतात, तीन मुके.

“पाची एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतले,” गुरुजी म्हणाले. त्यांना वाटत होतं की आपण टाकताना काही चुकलं.

लिनक्सवर तर नाव विचारणं आणखी सोपं. टर्मिनल उघडायचं आणि ‘एलएसयूएसबी’ टाकायचं. चालणाऱ्या दोघांचा आयडी निघाला १४८एफ:५३७०, रॅलिंकची जुनी, भरवशाची चिप. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कैक वर्षं आहे. मुक्या तिघांचा आयडी ०बीडीए:सी८११, म्हणजे रिअलटेकची वेगळीच चिप. बाहेरचं प्लास्टिक एक, आतला जीव दुसरा. नामांकित मालातही हे होतं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. मॉडेलचं नाव तेच राहिलं. म्हणून लेबलवर बारीक अक्षरात छापलेला आवृत्तीचा आकडा वाचल्याशिवाय ड्रायव्हर उतरवू नये.

सी८११चा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आला तो ६.२ पासून. शाळेच्या मशीनवर उबुंटू २२.०४ होतं, गाभा ५.१५. म्हणजे ड्रायव्हर वेगळा शोधायचाच नव्हता, गाभा नवा करायचा होता. त्याला नेट हवं. शाळेत रेंज मिळते ती व्हरांड्याच्या एका खांबापाशीच. चौथीच्या दोन पोरांनी फोन त्या खांबापाशी धरला, मी लांब केबल खिडकीतून आत घेतली, आणि यूएसबी टेदरिंगवर पहिल्या मशीनचा गाभा उतरवायला घेतला. लिनक्सलाही फोन असा लगेच ओळखता येतो. रेंज मधेच जायची, पोरं “आली आली!” ओरडायची. पहिलं मशीन झाल्यावर तीच पॅकेजं शिदोरीत घेतली आणि बाकीच्या दोघांवर नेटशिवाय टाकली. पुन्हा पाऊण तास खांबापाशी उभं राहायला नको.

तिघंही बोलू लागले. एका मशीनवर वेग अगदीच रडत होता. डोंगल मागच्या बाजूला, निळ्या यूएसबी ३ खाचेत, हार्डडिस्कच्या केबलीला चिकटून होता. यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर लेख काढला होता. हातभर एक्स्टेन्शन लावून डोंगल टेबलावर आणला आणि वेग सुधारला. गुरुजींनी पाचही डोंगलांचे आयडी फळ्यावर लिहून घेतले. पाऊस थांबेपर्यंत मुलांनी ते वहीत उतरवलेसुद्धा.

रात्री ८:२५

परत दुकानात. उद्या सकाळी एका लॅपटॉपला फॉरमॅट मारायचाय, म्हणून आजच त्याचे ड्रायव्हर काढून ठेवायचे. हे काम मी पोराला दिलं. प्रशासकाच्या हक्कांनी कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ‘पीएनपीयूटिल’ला ‘एक्सपोर्ट-ड्रायव्हर’ सांगायचं, पुढे एक तारा, म्हणजे सगळे, आणि पेनड्राइव्हवरच्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता. विंडोजने बाहेरून घेतलेले सगळे ड्रायव्हर त्यांच्या आयएनएफसकट तिथे जमा होतात. फॉरमॅट झाल्यावर त्याच पीएनपीयूटिलने ते परत आत घालायचे. पाच मिनिटांचं काम. त्या मुलीच्या भावाने रात्री एवढं केलं असतं तर तिची झोप मोडली नसती.

ओळी वर सरकत होत्या. प्रिंटरचा, आवाजाचा, पडद्याचा. पोरगा पडद्याला नाक लावून एकेक नाव वाचत होता. मी गल्ल्याचा हिशेब करत होते.

“मॅडम, नेटडब्ल्यूटीडब्ल्यू. हा वाय-फायचा ना? इंटेल?”

मी उठून बघितलं. इंटेलच होता. त्याने शिदोरीतला इंटेलचा फोल्डर उघडला, आत नवा फोल्डर केला आणि त्याला कार्डाचा आयडी नाव म्हणून दिला, ८०८६ पासून सुरू होणारा. मग दिवा मालवायला उठला.