पीटर हॅमिल : घरच्या ध्वनिशाळेतील एकांतगायन

ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकचा वृत्तान्त सांगावयास कोणी बसला, की किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड ही नामावळी ठरल्याप्रमाणे येते. 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' या वाद्यवृंदाचे नाव निघालेच तर ते ओझरते निघते. आणि १९६७ साली मँचेस्टर विद्यापीठात ख्रिस जज स्मिथच्या जोडीने ज्याने हा वृंद उभा केला, त्या पीटर हॅमिलने एकट्याच्या नावावर तीसहून अधिक ध्वनिमुद्रिका काढल्या, याची दखल तर फारच थोडे घेतात. ही उपेक्षा मला मनापासून खटकते. कारण या कवी-गायकाचा खासा मुलूख वृंदाच्या वैभवात नसून या एकांतातील निर्मितीतच आहे, अशी माझी धारणा आहे.

आरंभ मात्र दिशाभूल करणारा झाला. १९७१ सालच्या 'फूल्स मेट'मध्ये वृंदाचे सहकारी आणि किंग क्रिम्सनचा रॉबर्ट फ्रिप हे साथीला होते, आणि गाणी होती छोटी, सुबक, बरीचशी पूर्वी रचून बाजूला ठेवलेली. त्याच वर्षी निघालेली वृंदाची 'पॉन हार्ट्स' इटलीत विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेली, तिच्या एका बाजूस तेवीस मिनिटांची एकच रचना होती. तेव्हा त्या झगमगाटात ही लहान गाणी कोणाच्या नजरेत भरली नाहीत, यात नवल नाही.

पुढच्याच वर्षी वृंद मोडला आणि हॅमिलने घरी चार पट्ट्यांचे ध्वनिमुद्रण यंत्र आणून बसवले. व्यावसायिक ध्वनिशाळेत तासातासाचा हिशेब चालतो आणि तो पैसा अखेर कंपनीच्या वहीत कलावंताच्याच नावे पडतो. घरच्या यंत्रावर मात्र एका पट्टीवर आवाज भरावा, फीत मागे फिरवावी, तो आवाज ऐकत दुसऱ्या पट्टीवर त्याच गळ्याचा दुसरा सूर चढवावा, आणि मन भरेपर्यंत हा उद्योग चालवावा, त्याला कोणाची ना नव्हती. मंद्रातील कुजबुज, तारसप्तकातील किंकाळी आणि चर्चमधील समूहगानासारखे स्वरांचे थर, हे सारे एकाच माणसाच्या कंठातून येते, ही त्याच्या मुद्रिकांची खूण या सवडीतूनच घडली.

१९७४ सालची 'इन कॅमेरा' त्या दृष्टीने निरखून ऐकण्याजोगी आहे. तिचा पाया त्याने घरी भरला आणि लंडनच्या ट्रायडेंट ध्वनिशाळेत वरचे काम चढवले. तिच्यातील 'गॉग' या गीतात हार्मोनियम आहे. मात्र आपल्याकडे भजनाला आणि नाट्यपदाला जी पेटी गायकाच्या पाठीशी आदबीने उभी असते, तिचाच हा विलायती भाऊबंद येथे श्वास कोंडल्यासारखा गुरगुरतो आणि त्यावर हॅमिलचा आवाज जणू एखाद्या क्रुद्ध दैवताच्या तोंडचे फर्मान सुनावतो. लगेच येणाऱ्या 'मेगॉग'मध्ये चाल विरून जाते. उरतात ते घासणारे, आदळणारे, ओळख न पटणारे ध्वनी. हा भाग कर्णमधुर नाही, पण भयाचे इतके प्रामाणिक चित्र रॉक संगीतात मी अन्यत्र ऐकलेले नाही.

१९७५ सालच्या 'नेडियर्स बिग चान्स'मध्ये त्याने रिकी नेडियर नावाच्या एका दांडगट पोराचे सोंग घेऊन आखूड, कर्कश गाणी म्हटली. दोन वर्षांनी सेक्स पिस्टल्सच्या जॉन लायडनने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर तीच आवडीने ऐकवली, आणि प्रोग्रेसिव्ह व पंक यांच्यातील वैराची कथा किती वरवरची होती ते दिसून आले.

परंतु माझा जीव जडला आहे तो १९७७ सालच्या 'ओव्हर'वर. दीर्घ सहवासानंतर झालेला वियोग हा तिचा विषय. एका गीतात गिटारवर एकटा, दुसऱ्यात संपूर्ण वाद्यमेळासह, असा तो संतापापासून याचनेपर्यंत आणि याचनेपासून स्वतःच्या दोषांच्या कबुलीपर्यंत येतो. आवाज फाटतो तेथे तो फाटू देतो, सावरून घेत नाही. दुःखाला शोभिवंत करण्याचा मोह त्याने टाळला, यातच या मुद्रिकेची थोरवी आहे.

१९८० च्या 'अ ब्लॅक बॉक्स'मधील 'फ्लाइट' ही सुमारे वीस मिनिटांची पियानोप्रधान रचना त्याने स्वतःच्या छोट्या लेबलवर काढली; १९९२ पासून तर 'फाय' हे त्याचे कायमचे लेबलच झाले. मधल्या दशकातील यांत्रिक ढोलांच्या काही मुद्रिका आज शिळ्या वाटतात, त्या वगळल्या तरी चालेल. २००३ च्या डिसेंबरात त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठल्यावर २००६ साली आलेल्या 'सिंग्युलॅरिटी'त सारी वाद्ये त्याने एकट्याने वाजवली, आणि मृत्यूविषयी तो आता आरडाओरडा न करता, जवळजवळ बोलण्याच्या स्वरात गाऊ लागला.

नव्या श्रोत्याने 'ओव्हर'पासून आरंभ करावा, मग 'द सायलेंट कॉर्नर अँड द एम्प्टी स्टेज' ही १९७४ चीच दुसरी मुद्रिका घ्यावी, आणि कान तयार झाल्यावरच 'इन कॅमेरा'कडे वळावे. तीही रात्री, दिवा मालवून, एका बैठकीत.