उताराला धनी हवा

हाँगकाँगमध्ये रस्त्याकडेच्या उतारावर किंवा संरक्षक भिंतीवर एक छोटी पाटी असते आणि तिच्यावर क्रमांक असतो. सुरुवातीचे आकडे-अक्षरं नकाशातली जागा सांगतात. पुढे ‘सी’ असेल तर डोंगर कापून केलेला उतार, ‘एफ’ म्हणजे भरावाचा आणि ‘आर’ म्हणजे भिंत. मानवनिर्मित असे सुमारे ६०,००० उतार तिथे नोंदलेले आहेत. क्रमांक हाती असला की त्या उताराची डागडुजी सरकारनं करायची की शेजारच्या इमारतीनं, हे कुणालाही बघता येतं.

ही नोंदवही माणसं गमावल्यावर उभी राहिली. १८ जून १९७२ रोजी, मुसळधार पावसात, साउ माउ पिंग वस्तीवरचा भराव कोसळला आणि ७१ माणसं गेली. त्याच दिवशी पो शान रोडवर दरड इमारतींवर येऊन ६७ जण दगावले. चार वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, साउ माउ पिंगमध्येच पुन्हा भराव घसरला आणि १८ जण मेले. हे भराव कोसळण्याचं कारण साधं होतं. माती नुसतीच ओतली होती, थर देऊन दाबली नव्हती. अशा भुसभुशीत भरावात पाणी मुरलं की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि अख्खा उतार पातळ चिखल होऊन वाहत सुटतो. पळायला वेळच मिळत नाही. उपाय म्हणून जुन्या भरावांचा वरचा किमान तीन मीटरचा थर काढून पुन्हा दाबून बसवायचा आणि खालून पाण्याला वाट करून द्यायची, असं ठरलं. १९७७ मध्ये यासाठी स्वतंत्र भूतांत्रिक कार्यालय निघालं.

सगळे उतार एकदम दुरुस्त होत नाहीत. म्हणून दोन प्रश्न एकत्र विचारले जातात: हा उतार ढासळण्याची शक्यता किती, आणि ढासळला तर खाली कोण आहे? रानातल्या कच्च्या उताराची दुरुस्ती थांबू शकते, शाळेमागच्याची थांबू शकत नाही. धोक्याच्या उताराखालच्या झोपड्यांमधल्या लोकांना पर्यायी घरं देऊन हलवलं गेलं. खासगी मालकानं हयगय केली तर त्याला दुरुस्तीचा कायदेशीर आदेश निघतो. तिथल्या सरकारी हिशेबानुसार, २०१० पर्यंत दरडींची जोखीम १९७७ च्या तुलनेत पाव हिश्शाच्याही खाली आली.

तरीही मधल्या काळात, १९९४ मध्ये, क्वुन लुंग लाउ इथे एक जुनी दगडी भिंत पडली आणि पाच जण मेले. भिंत समजली जात होती त्याहून पातळ निघाली आणि जमिनीखालच्या गळक्या गटारांचं पाणी मागच्या मातीत मुरत होतं. मला या संपूर्ण इतिहासात हीच घटना सर्वांत महत्त्वाची वाटते. पाऊस आपल्या हातात नाही. गळकी गटारं मात्र आहेत. आता तिथे उतारांची दरवर्षी साधी पाहणी आणि पाच वर्षांनी अभियंत्याकडून तपासणी करावी, असा दंडक आहे.

आपल्या मुंबईचा खडक वेगळा, पण पाणी तेच. जुलै २००० मध्ये घाटकोपरला दरडीखाली साठहून अधिक माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये चेंबूरला भिंत झोपड्यांवर पडून १९ जणांचा जीव गेला. दर जूनमध्ये टेकडीवरच्या घरांना ‘जागा सोडा’ अशा नोटिसा लागतात. कुठे जायचं हे नोटीस सांगत नाही. पर्यायी घर नसलेली नोटीस म्हणजे जबाबदारी झटकणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या इमारतीमागे भिंत असेल तर तिच्यातली निचऱ्याची भोकं बुजली आहेत का, भिंतीला पोट आलंय का, नवी चीर पडलीय का, हे पावसाआधी बघा. आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा, ही भिंत कुणाच्या नावावर आहे? उत्तर लेखी मागा.